सरलष्कर सूटवाल्या पोरांना एका रिटायर्ड हवालदाराचं खुलं पत्र

कमांडरसाठी पॉवर सूट काढणाऱ्या समस्त मराठी गेमवाल्या, कॉमिकवाल्या आणि साय-फाय गोष्टी लिहिणाऱ्या मंडळींना,

जय हिंद.

मी ईएमईमध्ये चोवीस वर्षं काढलेला माणूस, म्हणजे सोप्या भाषेत लष्करातला मेकॅनिक. हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो, आता साताऱ्याजवळ गावी असतो, शेती बघतो आणि कुणाची मोटर जळली, कुणाचा इन्व्हर्टर बसला तर पाना घेऊन जातो. साय-फायशी माझा संबंध एवढाच की माझा भाचा पुण्यात गेम डिझाइन शिकतोय, आणि दिवाळीत आला तेव्हा त्यानं लॅपटॉप उघडून मला त्यांच्या ग्रुपचा गेम दाखवला. भविष्यातलं युद्ध, डोंगराळ भाग, आणि त्यात एक सूट, नाव 'सरलष्कर'. माणूस आत शिरतो, बाहेरून लोखंडी सांगाडा, मोटरा, खांद्यावर सोनेरी पट्टे, छातीत निळा लाईट लुकलुकतोय, पाठीला भगवा शेला. वजन म्हणे दोनशे किलो, पळतो ताशी चाळीसनं, आणि तीन दिवस चार्जिंग लागत नाही. हा सूट कुणाला? तर फक्त एलिट कमांडरला. मी विचारलं बाकीच्या जवानांना काय, तर म्हणाला हेल्मेट आणि बूट.

मी हसलो तर पोरगं रुसलं. "मामा तुम्ही उगाच लॉजिक काढता, कमांडर म्हणजे हिरो असतो ना." मग त्यानं मला आणखी चार-पाच जणांची चित्रं दाखवली, कुणाचं कॉमिक, कुणाची कथा, सगळीकडं तेच, सगळ्यात भारी सूट सगळ्यात मोठ्या साहेबाला. तेव्हा ठरवलं की एकट्या भाच्याशी भांडण्यापेक्षा तुम्हा सगळ्यांनाच लिहावं. कौतुक आधी करतो, चित्रं झकास काढता तुम्ही, आमच्या वेळी आम्ही वहीच्या मागं रणगाडा काढायचो तो ट्रॅक्टरसारखा दिसायचा.

आता मुद्द्यावर. तुम्ही जो सूट काढलाय ना, तो सूट नाही, तो हत्ती आहे.

बघा, आपल्याकडं सेनापतीला हत्तीवर बसवायची पद्धत होती, का तर सगळ्या फौजेला तो दिसावा, आणि हौदा उंच असल्यानं त्यालाही सगळं दिसावं, आणि शिवाय रुबाब. झालं काय? १५५६ ला पानिपतावर अकबराच्या फौजेविरुद्ध लढणारा हेमू जिंकत आला होता, हत्तीवर बसलेला, डोळ्यात बाण लागला, तो हौद्यात कोसळला आणि त्याची फौज पळाली. १६५८ ला सामूगढला औरंगजेबाचा भाऊ दारा शुकोह हत्तीवरनं उतरून घोड्यावर बसला, लांबच्या सैन्याला हौदा रिकामा दिसला, पळापळ. आणि १४ जानेवारी १७६१, हे तर कुणाला सांगायला लागू नये. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरनं उतरले आणि घोडा घेऊन गर्दीत घुसले, मागच्यांना हत्तीवर भाऊ दिसेना, आणि पुढं काय झालं ते आपण अजून 'पानिपत झालं' म्हणून बोलण्यात वापरतो. म्हणजे पराभवाला बाकी कारणं होती, उपासमार होती, सगळं होतं, मी काय इतिहासकार नाही. पण रिकामा हौदा दिसला की फौज तुटते हे तीन-तीनदा झालेलं आहे आणि तुम्ही २०८० सालातल्या तुमच्या कमांडरला परत हौद्यात बसवताय, वर लाईट लावून!

निळा लाईट! अरे रात्री ड्युटीवर सिगारेट पेटवली तर आमचा जेसीओ, म्हणजे सुभेदार साहेब, आई-बहीण काढायचा, लांबून ठिपका दिसतो म्हणून. तुमचा कमांडर छातीत ट्यूबलाईट घेऊन फिरतोय. आणि लाईट काढला तरी मोटरा गरम होणार, थर्मल कॅमेऱ्यात थंड डोंगरावर तो एकटा तव्यासारखा चमकणार. नेल्सन म्हणून ब्रिटिशांचा मोठा आरमारप्रमुख होता, १८०५ मध्ये ट्रफाल्गरला कोटावर मानचिन्हं मिरवत डेकवर उभा राहिला आणि समोरच्या जहाजावरच्या बंदूकवाल्यानं त्याला टिपला. युक्रेनच्या लढाईत २०२२ मध्ये रशियाचे कितीतरी जनरल गेले. शत्रूला आधी डोकं हवं असतं. मग तुम्ही डोक्यावर पाटी का लावताय की हे बघा डोकं इथं आहे?

याच्या उलट आपलंच उदाहरण घ्या ना. प्रतापगड, १० नोव्हेंबर १६५९. महाराजांनी चिलखत घातलं होतं, पण कुठं? अंगरख्याच्या आत. डोक्याला जिरेटोप, त्याच्यावर मंदील. समोरच्याला दिसलं काय, तर साधा अंगरखा. यालाच मी डिझाइन म्हणतो. शेला काढून टाका, भगवा रंग आम्हालाही प्रिय आहे पण तो गडावर शोभतो, पाठीवर घेऊन खिंडीत लपता येत नाही.

बरं हे झालं दिसण्याचं. आता माझ्या धंद्यातलं बोलतो, म्हणजे ताकद कुठून येणार.

साधा हिशोब करू. दिवसभर राबणारा माणूस सरासरी ७५ वॉटच्या आसपास ताकद काढतो, आपल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. आता दोनशे किलोचं धूड डोंगरावर चढवायचं, वर आतला माणूस, वर हत्यारं, मी तुमच्या बाजूनं अगदी कमी धरतो, सरासरी एक किलोवॉट. आठ तास चालवला तर आठ युनिट वीज. चांगल्या लिथियम सेलमध्ये किलोमागं दोनशे ते अडीचशे वॉट-तास बसतात. म्हणजे आठ तासाला तीस-चाळीस किलो नुसते सेल, त्यांची पेटी, वायरी, कूलिंग वेगळं. तीन दिवस म्हणजे शंभर किलोच्या वर बॅटरी, आणि ती बॅटरी उचलायला परत जास्त मोटर, आणि त्या मोटरला परत जास्त बॅटरी. हे गणित आहे रे, ह्याला लेव्हल अपग्रेड नसतो.

आणि हे सगळं घरातल्या गरम खोलीतलं गणित. मी लेहच्या पुढं दोन हिवाळे काढलेत. सकाळी गाडी स्टार्ट करायची म्हणजे एक माणूस इंजिनाखाली आडवा होऊन स्टोव्हची धग देतोय, दुसरा बॅटरी बंकरमधनं घोंगडीत गुंडाळून आणतोय लेकरासारखी. वायरलेस सेटच्या छोट्या बॅटऱ्या आम्ही रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपायचो, पोटाशी, कारण बाहेर ठेवली की सकाळी मेलेली. एकदा माझ्या हातमोज्याचं बोट फाटलेलं आणि उघड्या बोटानं पाना धरला, कातडी पान्यालाच राहिली. त्या थंडीत हायड्रॉलिकचे रबरी सील कडक होतात, तेल दाट होतं, आणि मग थेंब थेंब गळायला लागतं. तुमच्या सूटमध्ये सांधे किती? घोटे, गुडघे, कंबर, खांदे, कोपरं, मनगटं. प्रत्येक सांध्याला सील. फाटलं तर दुरुस्त कोण करतं? तुमच्या गेममध्ये मेकॅनिकच नाहीये! मी भाच्याला विचारलं तर म्हणाला सूट सेल्फ-हील होतो, म्हणजे आपोआप दुरुस्त. वा.

खरे सूट झाले नाहीत असं नाही हां. माझ्या पेन्शनीतल्या रिकाम्या वेळात मी हे सगळं वाचून काढलं. १८९० मध्येच रशियातल्या यागिन नावाच्या माणसानं पळायला-उडी मारायला मदत करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं, पायाला धनुष्यासारख्या स्प्रिंगा. मग १९६५ पासनं जनरल इलेक्ट्रिकनं अमेरिकन लष्करासाठी हार्डिमन बनवायला घेतला. वजन साधारण ६८० किलो. पूर्ण चालू करायला गेले की सगळा सांगाडा आपापला हिसके मारायला लागायचा, आत माणूस बसवून पूर्ण कधी चालवलाच नाही, शेवटी एक हात तेवढा नीट चालला. एक हात! नंतर २००९ च्या सुमारास लॉकहीड मार्टिनचा हल्क आला, नव्वद किलो ओझं पायांऐवजी सांगाड्यातनं जमिनीत उतरवणारा. २०१० मध्ये रेथिऑनचा एक्सओएस २, ताकद भन्नाट, पण वायर लावून. म्हणजे प्लगला बांधलेला पैलवान.

आणि याच्यातली सगळ्यात मजेची गोष्ट. २०१० मध्येच अमेरिकन लष्कराच्या नेटिकच्या लॅबनं पायाच्या एका एक्सोस्केलेटनची, म्हणजे अंगावर चढवायच्या सांगाड्याची, चाचणी छापली, जवानांना पाठीवर ओझं देऊन त्यात चालवलं आणि ऑक्सिजन मोजला. सूट घातल्यावर ऑक्सिजन जास्त लागला! म्हणजे मदतीला घेतलेला गडी आपल्यालाच ओढत न्यावा लागतोय. का? कारण आपला गुडघा दाराची बिजागरी नाहीये, वाकताना त्याचा आस सरकतो, आणि यंत्राचा गुडघा एकाच खिळ्यावर फिरतो. दोघांचं जमत नाही, पट्टा काचतो, आणि चालण्याची जी आपली सवय असते लहानपणापासनची तिला सूट प्रत्येक पावलाला आडवा येतो. नवा बूट चावतो ना तसं, फक्त अख्ख्या अंगाला.

तरी मी म्हणतो करा, स्वप्न बघायला काय जातंय, शंभर वर्षांनी सेल सुधारतील, सांधे सुधारतील. माझं भांडण सूटशी नाहीच. माझं भांडण तो कुणाला देताय त्याच्याशी आहे.

टॅलोस माहितीये का तुम्हाला? अमेरिकेच्या स्पेशल फोर्सचा सूट, २०१३ मध्ये त्यांच्या अॅडमिरल मॅकरेव्हननी जाहीर केला, पेपरात सगळीकडं फोटो, आयर्न मॅन आयर्न मॅन म्हणून आरडाओरडा. पण त्याच्यामागचा विचार काय होता? अफगाणिस्तानात ओलीस सोडवताना दार फोडून पहिला आत शिरणारा त्यांचा एक माणूस मारला गेला होता. त्या पहिल्या माणसासाठी सूट. अॅडमिरलसाठी नाही, जनरलसाठी नाही, दारात जो पहिला पाय टाकतो त्याच्यासाठी. २०१९ मध्ये कबूल केलं की लढाईचा पूर्ण सूट काही होत नाही आणि त्यातले तुकडे-तुकडे वेगळे वापरायला घेतले. फसला, पण कुणाला द्यायचा हे तरी त्यांना नीट कळलं होतं.

कमांडर दिवसभर करतो काय? मी सीओ साहेबांच्या, म्हणजे युनिटच्या प्रमुखाच्या, गाडीच्या मागं खूप फिरलोय. ते नकाशा बघतात. सेटवर बोलतात. ऐकतात, ऐकणं जास्त. कुणाला राशन पोचलं नाही, कोणाला डायरिया झाला, कोणत्या पोस्टचा सेट बंद आहे. मग पाच मिनिटं गप्प बसतात, आणि मग एक वाक्य बोलतात आणि त्या वाक्यावर चारशे माणसं हलतात. यात दोनशे किलो उचलायचं काम कुठं आलं? त्यांना खरं पाहिजे असतं ते झोप, आणि चालू सेट, आणि खरं सांगणारा एखादा जेसीओ. तुमचा सूट घालून साहेब तंबूत शिरणार कसे आणि नकाशावर बोट ठेवणार कसे, बोट नकाशातनं आरपार जाईल. (आणि एक गोष्ट विचारायची राहिली, तीन दिवस सूट काढायचाच नाही म्हणता, तर सकाळचं काय? भाचा याच्यावर लाजला पण उत्तर दिलं नाही. बॅटरी संपली तर आतनं कडी काढता येते का हे पण चित्रात दिसत नाही.)

आता कुणीतरी म्हणणार की आपले ऑफिसर पुढं राहून लढतात, कारगिलला बघितलंच की किती तरुण कॅप्टन-लेफ्टनंट पुढं होते. बरोबर, शंभर टक्के. त्यांना मी सॅल्यूट करतो आणि त्यात काही बोलायचं नाही. पण ते पुढं होते ते आपल्या पोरांसारखेच दिसत होते, तेच कपडे, तेवढंच ओझं, तेवढाच दम लागलेला. म्हणून तर मागची पोरं गेली त्यांच्यामागं. साहेबानं एकट्यानं बुलेटप्रूफ राक्षसात बसायचं आणि बाकीच्यांना हेल्मेटवर चला म्हणायचं, माझ्या लाइनीतली पोरं नक्की गेली असती, हुकूम म्हणजे हुकूम, पण रात्री लंगरात काय बोलली असती ते मी इथं लिहू शकत नाही.

ओझं कोण उचलतं ते सांगतो. ८१ एमएम मोर्टार, म्हणजे उखळी तोफ, माणसांच्या पाठीवर जाते तेव्हा तीन तुकड्यांत जाते, नळी, दोन पायांचा स्टँड आणि बेस प्लेट. बेस प्लेट ज्याच्या वाट्याला येते त्याचं तोंड बघा कधीतरी. लोखंडी ताट पाठीवर, कडा कमरेत रुततेय, वर स्वतःचा पिठ्ठू म्हणजे पाठीवरची पिशवी, रायफल, पाणी. आणि त्याच्याही मागं पोर्टर. सियाचीनला, कारगिलला, सगळीकडं स्थानिक पोर्टर होते आणि आहेत, त्यांच्याशिवाय वरच्या पोस्टला चहाचा थेंब पोचत नाही. एक नुब्रा खोऱ्यातला माणूस मला आठवतो, नाव नाही सांगत, वय असेल पंचेचाळीस, दिसायचा साठचा. रॉकेलचा जेरिकॅन पाठीला बांधायचा, दोरी छातीवर एकदा, कपाळावर एकदा, आणि चालायला लागायचा. अगदी हळू. आम्ही जवान पोरं झपझप पुढं जायचो आणि वीस मिनिटांनी दगडावर बसून धापा टाकायचो, तेव्हा हा त्याच चालीनं आमच्या बाजूनं निघून जायचा, हसायचा नाही, बघायचा पण नाही, ओठ हलत असायचे. मी एकदा विचारलं मंत्र म्हणतोस का. म्हणाला नाही, पावलं मोजतो, शंभर झाली की एक श्वास जास्तीचा घेतो.

द्या ना त्याला सूट. तुमच्या गेममध्ये सगळ्यात भारी सूट त्याला द्या. डिझाइन बघा कसं बदलतं आपोआप! लाईट जातो. सोनेरी पट्टे जातात. छातीवर तोफ नको, पाठीवर चांगली पाटी पाहिजे आणि पटकन सुटणारी गाठ पाहिजे. चाळीसनं पळायची गरज नाही, ताशी तीननं चढला तरी राजा. बॅटरी छोटी झाली. बॅटरी संपली तर सांधे मोकळे सुटले पाहिजेत, म्हणजे निदान चालत घरी येईल. आवाज बंद पाहिजे, हे फार महत्त्वाचं, कारण अमेरिकन मरीननी बोस्टन डायनॅमिक्सचं चार पायांचं ओझं वाहणारं यंत्र वापरून बघितलं, १८० किलो उचलायचं म्हणे, आणि २०१५ च्या अखेरीस बाजूला ठेवलं, का, तर इंजिनाचा आवाज. डिझेल-पेट्रोलात सेलपेक्षा पन्नासएक पट ताकद किलोमागं असते पण ती गप्प बसत नाही. आपल्याकडं आता बॅटरीवरचे रोबोटिक म्यूल आलेत, १५ जानेवारी २०२५ ला आर्मी डेची परेड पुण्यात खडकीला झाली तेव्हा ते संचलनात होते, मी बहिणीच्या घरी टीव्हीवर बघितलं. भाचा ओरडला मामा बघा रोबोट कुत्रा. मी म्हटलं कुत्रा नाही ते खेचर आहे, नावातच आहे, आणि फौजेत खेचराला फार मान असतो. बंगळुरूच्या डेबेल लॅबमध्ये आपली डीआरडीओची मंडळी एक्सोस्केलेटनवर काम करतायत, तेही ओझं वाहणाऱ्या जवानाचा विचार करून. कुणी सोनेरी पट्टे लावत नाहीये.

गोष्ट पण जास्त चांगली होईल, मी सांगतो. कमांडर सूट घालून शंभर जण लोळवतो यात काय टेन्शन? दुसऱ्या मिनिटाला माहीत असतं की हा जिंकणार. त्यापेक्षा असं करा, पोस्टला आठ जण, सूट एकच, चार्ज एकाच फेरीचा. खाली दारूगोळा पण आहे आणि एक जखमी पण आहे. कोण घालणार, काय आणणार. आणि तो निर्णय घ्यायला कमांडर आहे, त्याच्या अंगावर फाटका कोट, हातात सेट, आणि पाच मिनिटं तो गप्प बसलाय. आता मी लॅपटॉपसमोरनं उठत नाही बघा.

नाव 'सरलष्कर' ठेवलंत ते बदलू नका पण, नाव छान आहे. फक्त पोरांनी तो सूट मिळालेल्या पोर्टरला चेष्टेनं सरलष्कर म्हणायला सुरुवात केली असं दाखवा, फौजेत टोपणनावं अशीच पडतात. आमच्यात एका स्वयंपाक्याला ब्रिगेडियर म्हणायचे, त्याच्या परवानगीशिवाय दुसरी रोटी मिळायची नाही.

शेवटची एक विनंती, खरंतर आमंत्रण. पुढचा सूट काढण्याआधी एखाद्या रविवारी साताऱ्याला या. एसटी स्टँडवर मी येतो घ्यायला. माझ्याकडं जुना पिठ्ठू अजून आहे, त्यात तीस किलो गहू भरून देतो, एकेकानं तो घेऊन अजिंक्यतारा चढायचा, डांबरी रस्त्यानं नाही, पायवाटेनं. वर गेल्यावर वही काढा आणि नेमकं कुठं दुखतंय ते लिहा, खांदा, कंबर, गुडघ्याची कुठली बाजू, आणि तिथून चित्राला सुरुवात करा. भाचा येतो म्हणालाय, पण पंधरा किलोवर घासाघीस चालू आहे. बूट जुने घालून या, नवे चावतील. उतरल्यावर जेवण आमच्याकडं, पिठलं-भाकरी, आणि गहू परत द्यायचा आहे, बियाण्याचा आहे तो.

तुमचा,
एक रिटायर्ड हवालदार, ईएमई
मुक्काम सातारा तालुका